बाबांसाठी कापलेल्या पाट्या

कापून झालं की तुकडा आपसूक सुटायला हवा. लेसर मशीनचं झाकण उघडायचं, प्लायची फळी उचलायची, आणि गोल कडांच्या पाट्या खाली जाळीवर पडलेल्या दिसायला हव्यात. त्या दिवशी मी फळी उचलली तर सगळ्या पाट्या तिला चिकटूनच वर आल्या. उलटी करून पाहिलं. डावीकडे रेघ आरपार गेली होती आणि मधे नुसता तपकिरी डाग. बोटाने दाबलं, नखाने उचकटलं, शेवटी चिडून एक पाटी ओढलीच. तिचा कोपरा तुटून हातात आला आणि तिच्यावर कोरलेला चहाचा कप अर्धाच उरला.

सोमवारी मला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. रजा वाढवून मिळण्याची सोय आता उरली नव्हती. आणि सोमवारपासून दिवसभर बाबा आणि मावशी, दोघंच घरात राहणार होते.

मावशी म्हणजे बाबांकडे बघायला ठेवलेल्या बाई. कुही गावाकडच्या, हाताने उरकत्या, मनाने मायाळू. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. अडचण बाबांची होती. लकव्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून कपाळाला आठ्या पडायच्या, गॅसवर दूध ठेवून मी फोनवर बोलत बसले की नजर सारखी स्वयंपाकघराकडे जायची. पण तोंडातून यायचा तो एकच घोगरा आवाज. पाणी हवं असलं तरी तोच, पाय अवघडला तरी तोच.

हा माणूस मुळात बोलका, आणि त्याहून जास्त ओरडका. जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेला. तिथल्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय लागली ती नागपुरात हुडकेश्वरच्या या घरातही सुटली नाही. मला यायला जरा उशीर झाला की दारातच उजवा हात मनगटातून फिरवून तळवा वर करायचे आणि विचारायचे, "काहून वं?" बस, एवढंच. उशीर काहून, मिठाचा डबा उघडा काहून, फोन उचलला नाही काहून, सगळं त्या एका तळव्यात आलं. मी पन्नाशीला टेकले तरी तो तळवा काही खाली आला नाही. मीही त्यांचीच लेक, माझंही डोकं लगेच तापायचं. "बाबा, आत तर येऊ द्या!" असं म्हणत मी चपला भिरकावायची आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघं फुरंगटून बसायचो.

रजेवर असतानाच एकदा मी दुपारभर बाहेरची कामं करायला गेले होते. परत आले तर मावशी दारातच उभ्या. "ताई, बाबा कव्हाचे ओरडून राहिले. पाणी देलं, चहा देला, उशी बदलून देली. काय म्हणून राहिले ते मले समजूनच नाही राहिलं." मी धावत आत गेले. बाबांचा लुळा हात गादी आणि पलंगाच्या कठड्याच्या मधे अडकला होता. वरून चादर होती, म्हणून मावशींना दिसला नव्हता. हात सोडवला तर बोटं सुजून निळसर झालेली. बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबांना रडताना मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. मी ऑफिसात फाइली चाळत असेन आणि इथे हात अडकला असेल. छातीत दुखत असेल. आणि मावशी बिचाऱ्या चहा करत असतील.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी चित्रांच्या पाट्या करायला सांगितल्या. अक्षरं त्यांना लागतील की नाही याची खात्री नाही म्हणाल्या, म्हणून वर मोठं चित्र, खाली शब्द. मी कागदावर छापून लॅमिनेट करून आणल्या. बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांना ती पातळ कार्डं टेबलावरून उचलता येईनात, आणि जी उचलली ती कूलरच्या वाऱ्याने उडून पलंगाखाली गेली. मोबाईलवर चित्रं दाखवली तर त्यांचं बोट भलतीकडेच पडायचं, स्क्रीन कुठल्या कुठे जायची, आणि ते मोबाईल ढकलून द्यायचे. मग माझ्या डोक्यात आलं, लाकडाच्या करू. हाताला जाड लागतील, उडणार नाहीत, पडल्या तरी फाटणार नाहीत.

लेसरचं मशीन माझं स्वतःचं होतं. दोनेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेलं, टेबलावर मावेल एवढं. दिवाळीत तोरणं, कोणाच्या बारशाला पाळण्यावर लावायला नाव, असं काहीबाही मी त्यावर करायची. बाबा त्याला 'तुझं जळकं खेळणं' म्हणायचे. मशीन हॉलमध्येच होतं, कारण खिडकी तिथे, धूर बाहेर सोडायचा पाइप तिथे. आता बाबांचा पलंगही हॉलमध्येच होता, कारण कूलर तिथे. मशीनला मी चारी बाजूंनी बंद पेटी केली होती, तरी त्या किरणाची मला धास्ती. म्हणून मशीन चालू असताना मी स्वतः हिरवा चष्मा लावायची आणि बाबांनाही लावायची. मावशी हसायच्या. "बाबा तर हिरो दिसून राहिले!" बाबा ढिम्म बसून राहायचे. त्या हिरव्या काचांमागे त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कधी कळलं नाही.

पहिल्या फळीतून पाट्या सुरेख निघाल्या. पाणी, कूलर, पंखा, हो, नाही. कडा घासून मी त्या बाबांच्या पलंगावर टेबल लावून मांडल्या. मॅडम म्हणाल्याच होत्या, वेळ लागेल. बाबांनी एकेक पाटी उचलली, उलटी केली, मागचं लाकूड पाहिलं, बोटाने कड चाचपली आणि खाली ठेवली. हिशेब तपासणाऱ्या साहेबासारखे. वापरली मात्र एकही नाही. पाणी हवं झालं तरी घोगरा आवाजच काढायचे. मी समजूत घातली स्वतःची, सगळ्या पाट्या झाल्या की वापरतील. दुखतंय, बाथरूम, कूस बदला, औषध, भूक, चहा. खऱ्या गरजेच्या तर अजून व्हायच्याच होत्या.

आणि नेमकं तेव्हाच मशीन रुसलं.

आधी वाटलं लेन्स खराब झाली. कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावून पुसली, काळं निघालं, मी खूश. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. डावीकडे कापलं, मधे नाही. मग पट्टा ढिला असेल म्हणून तो ताणला. इतका ताणला की कडेला जाताना मशीन कण्हायला लागलं, मग पुन्हा सैल केला. मशीनचं डोकं आणि लाकूड यांच्यातलं अंतर मोजायला त्यासोबत एक धातूचा ठोकळा येतो. तो कोपऱ्यात ठेवून मी पुन्हापुन्हा अंतर जमवलं. बरोबरच होतं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं म्हणून सकाळी करून पाहिलं. इंटरनेटवर हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे विचारलं. कोणी म्हणालं प्लाय बदला, कोणी म्हणालं मशीनच बदला. मी फोन गादीवर आपटला आणि लगेच उचलून बघितला, फुटला तर नाही ना.

मग मी सगळे करतात तेच केलं. किरणाचा जोर वाढवला आणि मशीनचा वेग कमी केला. हळूहळू चालेल पण आरपार जाईल, असा हिशेब. 'दुखतंय'ची पाटी चालू होती. मी मावशींना औषधांच्या वेळा समजावून सांगत होते, अर्धा मिनिट पाठ फिरवली असेल. मागून बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. वळून पाहिलं तर पेटीच्या काचेआड पिवळी ज्योत. मशीन संथपणे पुढे सरकत होतं आणि मागे लाकूड जळत होतं. ओला टॉवेल मी नेहमी शेजारी ठेवते, तो टाकला. विझलं. हॉलभर धूर झाला. मावशी बाबांना वारा घालत होत्या आणि मी मशीनचा प्लग उपटला. लुळ्या माणसाच्या पलंगापासून चार हातांवर मी आग लावली होती. बाबा बोलू शकत असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मला त्या क्षणी खरंच वाटलं, घ्यावं. कोणीतरी मला ओरडायला हवं होतं.

हा शनिवार. रविवारी मी मशीनला हात लावणार नव्हते. मावशींना कागदावर सगळं लिहून द्यायचं आणि देवावर हवाला ठेवायचा, असं ठरवून टाकलं होतं. सकाळी बाबांना पुसून, पावडर लावून बसवलं, टेबल समोर ओढलं आणि सवयीने त्या पाच पाट्या मांडल्या. वळून चहा टाकायला निघाले तर टेबलावर टक्क असा आवाज झाला.

बाबांनी 'कूलर'ची पाटी पुढे सरकवली होती. तिच्या शेजारी त्यांनी 'नाही'ची ठेवली. डाव्या हाताने, सावकाश, दोन्ही कडा जुळवून.

मी तशीच मागे फिरले. इतक्या दिवसांनी बाबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. "तुम्हाले थंडी वाजून राहिली काय बाबा?" मी विचारलं आणि धावत जाऊन चादर आणून गळ्यापर्यंत पांघरली. बाबांनी चादर फेकून दिली. मी कूलरचा वारा कमी केला. त्यांनी 'नाही'ची पाटी टेबलावर आपटली. पुन्हा 'कूलर' उचलली आणि हात लांब करून ती मशीनच्या दिशेने फेकली. पाटी मशीनपर्यंत पोचली नाही. अलीकडे भिंतीला टेकवलेल्या प्लायच्या फळ्यांवर आपटून पडली.

त्या फळ्या मीच तिथे ठेवल्या होत्या. बाबांच्या चाकांच्या खुर्चीला वाट राहावी म्हणून एका बाजूला, कूलरच्या बरोब्बर समोर. पाटी उचलायला वाकले तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एक फळी काढून फरशीवर ठेवली. ती पाळण्यासारखी डुलली.

आम्हा नागपूरच्या माणसांना मे महिन्यात कूलर दिसतच नाही. तो भिंत असतो, छप्पर असतो. मार्चअखेरीस त्याच्या जाळ्यांतलं, पाणी झिरपणारं गवत बदललं की पावसापर्यंत त्याची घरघर कानाला ऐकू येत नाही. बाहेरच्या जगातल्या कोणालाही कळलं असतं की एका बाजूने ओला वारा खाणारं लाकूड वाकणार. मी लेन्स पुसली, पट्टा ताणला, महावितरणला शिव्या घातल्या आणि लाकडाला दिवसरात्र दमट हवा पाजत राहिले. फळी मधे फुगलेली, आणि मी अंतर मोजत होते कोपऱ्यात. किरण कोपऱ्यात नेमका बसायचा आणि मधे आला की चुकायचा. बाबा दिवसभर त्या फळ्यांकडे तोंड करून पडून असायचे. ते वाकताना त्यांनी बघितलं असणार. किती दिवस बघत होते कोण जाणे.

मी सगळ्या फळ्या गच्चीवर नेल्या. शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्याच रांगेत ओळीने मांडल्या. काकूंनी विचारलं, "हे काय वं, लाकडाचे पापड?" मी म्हटलं, "हो, तळायचेच बाकी आहेत." कुरडया परतवतात तशा मी फळ्या परतवत बसले. नवतपा, मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, तोंडावर आलेला, डोक्यावर पदर घेऊनही कानशिलं भाजत होती. सरळ व्हायला लागल्या तशा खाली आणल्या आणि तांदळाच्या डब्याखाली दाबल्या.

आता कूलर बंद करायला हवा होता. निदान कापून होईपर्यंत. आणि हे मला मशीनच्या आगीपेक्षा भयंकर वाटलं. बाबांचं बीपी, त्यात ऊन. आतल्या खोलीत न्यावं तर ती पश्चिमेची, तिथे भट्टी. मावशी म्हणाल्या, "ताई, बाबाले शेजारी घेऊन जाऊ काय?" बाबांनी डाव्या हाताने कठडा पकडला. बोटं पांढरी होईपर्यंत पकडला. मग मी आणि मावशींनी त्यांच्या मानेवर ओला नॅपकिन ठेवला, अंगावर पातळ सुती धोतर तेवढं राहू दिलं, डोळ्यांना हिरवा चष्मा लावला आणि कूलरचं बटण बंद केलं.

घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत मशीनचा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पंखा वरून गरम हवा लोटत होता. मी एक डोळा ठिणगीवर आणि एक बाबांवर ठेवून उभी होते. त्यांच्या कपाळावर घाम आला की मावशी पुसायच्या. मधेच मी त्यांचा श्वास मोजायला लागायची आणि मधेच मोजणं चुकायचं. बंद करते, मनात म्हणायची, आता बंदच करते. पण बाबा खिळल्यासारखे मशीनकडे बघत होते, पाळीवर असताना मीटरकडे बघत असतील तसे.

मशीन थांबलं. मी झाकण उघडलं आणि फळी उचलली. पाट्या जाळीवर खाली राहिल्या. सगळ्या. मी फळीच्या भोकांतून बाबांकडे पाहिलं आणि ओरडलेच, "निघाल्या बाबा! निघाल्या!" मावशींनी आधी जाऊन कूलर लावला.

संध्याकाळी सगळ्या पाट्या टेबलावर मांडल्या. बाबांनी 'दुखतंय' बघितली, 'बाथरूम' बघितली, 'भूक' बघितली. हाताने सगळ्या बाजूला सारल्या. पुन्हा शोधल्या, पुन्हा सारल्या. "काय पाहिजे बाबा? चहा?" नाही. "कूस बदलू?" नाही. एवढं करून पाटी राहिली होती, आणि कोणती ते ते सांगू शकत नव्हते. मग त्यांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. मी 'दुखतंय'ची पाटी पुढे केली. त्यांनी ती जमिनीवर टाकली. आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून तो हात हळूच फिरवला. तळवा वर आला. तो टेबलावर तसाच उघडा पडून राहिला, आणि बाबा माझ्याकडे बघत राहिले.

मी त्या तळव्याकडे बघत बसले आणि मला हुंदका आला. मी त्यांच्यासाठी पाणी केलं होतं, औषध केलं होतं. मागण्याच्या सगळ्या पाट्या केल्या होत्या. विचारायची एकही केली नव्हती.

तसाच त्यांच्या हाताचा फोटो काढला. त्यावरून रेषा काढल्या. तळहातावरच्या जाड रेषासुद्धा, अंगठ्याजवळचा जुना भाजल्याचा व्रणसुद्धा. खाली शब्द लिहिला. कूलर पुन्हा बंद केला. एकच पाटी होती, लवकर झाली.

सोमवारी ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी मावशींना फोन केला. म्हणाल्या, "ताई, बाबाचा हात दुखून राहिला होता. त्यायनं पाटी दाखवली, मी उशी देली खालून. आता झोपले." मी जिन्यात जाऊन पाणी प्यायले आणि परत जागेवर येऊन बसले.

सुटताना साहेबांनी थांबवलं, मग चौकात सिग्नल बंद. घरी पोचायला चांगलाच उशीर झाला. दारातच मावशींची तक्रार सुरू. "ताई, हे कोणती पाटी करून देली तुमी? सारा दिवस मले हेच दाखवून राहिले. टीव्ही बंद केला, दाखवली. भाजीत मीठ कमी पडलं, दाखवली. मी काय उत्तर देऊ?"

पलंगावर बाबा बसले होते. मी उंबऱ्यात पाय ठेवताच त्यांनी डाव्या हाताने पाटी छातीशी धरून उचलली. त्यांचाच उजवा हात, तळवा वर. काहून.

"बाबा, आत तर येऊ द्या!" मी ओरडले, नेहमीसारखी, आणि चपला भिरकावल्या. मग मला रडू आवरेना. मी भिंतीला धरून तिथेच उभी राहिले. बाबांनी पाटी खाली ठेवली नाही. मी सिग्नलचं सांगेपर्यंत ते ती तशीच धरून बसले.